परिचारिकेची पदविका आणि पदवी



वसंतातील व्याख्यानांना इतिहास हा विषय नवा नाही. परंतु इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो रुग्णालयाच्या कक्षात घडलेला आहे. तीन वर्षांची पदविका घेऊन जी परिचारिका झाली, नोंदणी होऊन जी कामालाही लागली, तिने पदवीसाठी पुन्हा दोन वर्षे वर्गात का बसावे, हा आमचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु आपल्या गावातील कितीतरी लेकीसुनांचे आयुष्य त्याच्याशी बांधलेले आहे.

परिचारिकेचे शिक्षण प्रथम विद्यापीठात जन्मले नाही, ते रुग्णालयात जन्मले, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा निघाली आणि तिचाच नमुना जगभर गेला. आपल्याकडे मुंबईचे कामा रुग्णालय 1886 साली सुरू झाले आणि तेथे परिचारिका घडू लागल्या. मिरजेला मिशनच्या रुग्णालयात शिक्षणाची सोय झाली. पुण्यात 1909 साली सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात या कामाचे शिक्षण मिळवून दिले. परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणे, सोवळ्याओवळ्याचा विचार बाजूस ठेवणे आणि रात्रपाळी करणे हे सारे त्या काळच्या घरंदाज समजल्या जाणाऱ्या कुटुंबांना कसे वाटले असेल, याची कल्पना आपण सहज करू शकाल.

आपल्या भागातही हाच क्रम दिसतो. वाशीम, म्हणजे इंग्रजी अमदानीतील बाशीम, येथे डॉ. ऑर्फा स्पायकर या मिशनच्या बाईंनी रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय उभे केले. 1936 साली त्या भारतात आल्या होत्या. पुढे त्या रुग्णालयाला परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालयही जोडले गेले. म्हणजे परिचारिकेची पदविका ही मुंबई-पुण्याहून ऐकू आलेली वार्ता नसून वऱ्हाडच्या मातीत रुजलेली गोष्ट आहे.

या पद्धतीचा गुण मोठा होता. मुलगी रोग्याच्या खाटेपाशी शिकत असे आणि तिचा हात बसत असे. तथापि तिच्यात एक दोषही होता. शाळा रुग्णालयाची, म्हणून रुग्णालयाची गरज आधी आणि विद्यार्थिनीचे शिक्षण मागाहून! कक्षात माणूस कमी पडले की वर्ग राहिला. शिकणारी मुलगी आणि राबणारी मुलगी यांत भेद उरला नाही. अमेरिकेतही 1923 साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने याच दुखण्यावर बोट ठेवले होते.

कायद्याने पुढची पायरी घातली. मुंबई इलाख्यात 1935 साली परिचारिका, सुइणी आणि आरोग्यसेविका यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आपले वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते, मध्यप्रांतास जोडलेले होते. 1956 साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि राज्यभर एकच परिचारिका कायदा व्हावयास 1966 साल उजाडावे लागले. देशाच्या पातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 चा. किमान किती शिकल्यावर स्त्रीने स्वतःस परिचारिका म्हणवून घ्यावे, हे या कायद्यांमुळे ठरले.

याच सुमारास भोर समितीचा अहवाल आला. 1943 साली नेमलेल्या या समितीने 1946 साली जे आकडे मांडले, ते आजही अंगावर काटा आणतात. साऱ्या हिंदुस्थानात परिचारिका सुमारे 7000, म्हणजे 43,000 लोकांमागे एक! डॉक्टर मात्र 6,300 लोकांमागे एक होता. म्हणजे औषध लिहून देणारा दुर्मीळ होता आणि ते वेळेवर देणारी त्याहून सातपट दुर्मीळ होती. संख्या वाढवावयाची तर शिकवणाऱ्या हव्यात आणि शिकवणाऱ्या घडवावयाच्या तर विद्यापीठाचे दार उघडले पाहिजे, हे ओघानेच आले. त्याच 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवीशिक्षण सुरू झाले. महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने 1964 साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. पुण्याच्या विधवांना रुग्णालयाचा उंबरठा ओलांडण्यास जेथे धैर्य लागले होते, तेथे अर्ध्या शतकाने पदवीचा मार्ग झाला.

परंतु प्रत्येक नव्या दाराबरोबर एक भिंतही उभी राहते. आता परिचारिका दोन प्रकारच्या झाल्या: रुग्णालयातून आलेली पदविकाधारक आणि महाविद्यालयातून आलेली पदवीधर. खाट तीच, रोगी तोच, रात्रपाळीही तीच. पण अध्यापनाची आणि वरच्या अधिकाराची वाट एकीला मोकळी, तर दुसरीला अवघड. हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेत मिल्ड्रेड माँटाग यांच्या विचारातून 1952 च्या सुमारास दोन वर्षांचे पदवीपूर्व शिक्षण निघाले आणि 1965 साली तेथील परिचारिका संघटनेने व्यावसायिक परिचर्येला किमान पदवी हवी असे जाहीर केले. मधल्या परिचारिकांचे काय, हा प्रश्न तेथेही उरलाच. उत्तर दोन्ही देशांत एकच निघाले: भिंतीत जिना बांधा.

तो जिना म्हणजे आपल्याकडील पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंग. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि प्रवेश नोंदणीकृत पदविकाधारकांना. पहिल्या वर्षी परिचर्येची मूलतत्त्वे, आहारशास्त्र, जीवरसायन आणि जीवभौतिकी, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, माता व बालकांची परिचर्या, औषधी व शस्त्रक्रियाविषयक परिचर्या आणि इंग्रजी. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामाजिक आरोग्य परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या आणि त्यांच्या जोडीला अध्यापन, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र यांची ओळख.

दहा वर्षे कक्षात काढलेल्या बाईला पुन्हा मूलतत्त्वे काय शिकवावयाची, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अगदीच खोटा नाही. पहिल्या वर्षातील काही भाग तिच्या हातात आधीच असतो. परंतु हाताला ठाऊक असलेल्या गोष्टीचे कारण बुद्धीला कळणे, हा निराळा लाभ आहे. उपकरणे वाफेच्या दाबाखाली किती वेळ ठेवावयाची हे ती जाणते. तेवढाच वेळ का, हे सूक्ष्मजीवशास्त्र सांगते. आणि खरे नवे धन दुसऱ्या वर्षात आहे. गावातील जन्ममृत्यूच्या नोंदी ती रोज पाहते. संख्याशास्त्र शिकल्यावर त्याच नोंदी तिला प्रश्न विचारू लागतात. कोणत्या वस्तीत बाळे कमी वजनाची येतात? कोणत्या महिन्यात जुलाब वाढतात? हे विचारणारी परिचारिका केवळ आज्ञा पाळणारी राहत नाही.

1998 साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. दोन्ही गोष्टींमागे सत्ता आणि विद्या माणसाच्या जवळ यावी हीच अपेक्षा होती. तरीही जिना बांधला म्हणजे सर्वांना चढता येतो असे नव्हे. ही विद्यार्थिनी अठरा वर्षांची नसते. तिच्यामागे नवरा, मुले, म्हातारी सासू आणि घराचे हप्ते असतात. तिला दोन वर्षांची मोकळीक द्यावयाची तर ग्रामीण रुग्णालयात तिच्या जागी कोण उभे राहणार? मोठ्या शहरात एक परिचारिका शिकावयास गेली तर दुसरी सापडते. लहान गावात एक गेली की पाळ्यांचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून ज्या गावाला शिकलेल्या परिचारिकेची गरज अधिक, त्याच गावातून तिचे शिकावयास जाणे अधिक कठीण. इतक्या वर्षांचा इतिहास अखेर या एका गाठीपाशी येऊन थांबतो.

ही गाठ एकट्या परिचारिकेने सोडवावयाची नाही. शासनाने बदलीचे माणूस द्यावे हे खरेच. परंतु नगराचेही काही कर्तव्य आहे. लेक डॉक्टर व्हावी म्हणून शेत गहाण टाकणारी घरे आपण पाहतो. सून परिचारिका असून पदवीसाठी जाते म्हटल्यावर त्याच घरांत ‘आता कशाला?’ हा प्रश्न निघतो. सेवेला विद्या कशाला, हाच प्रश्न सेवासदनाच्या विधवांच्या वेळी होता, नोंदणीच्या वेळी होता आणि आजही आहे. प्रत्येक वेळी इतिहासाने एकच उत्तर दिले: ज्या हाती आपण आपले प्राण सोपवतो, त्या हातांना जेवढे अधिक कळेल, तेवढे आपले भले.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्या आळीतील एखादी सिस्टर पुस्तकांची पिशवी घेऊन पुन्हा अभ्यासाला निघाली, तर तिला वय विचारू नका. घर दोन वर्षे कोण सांभाळील, एवढेच विचारा आणि जमल्यास त्याचे उत्तर आपणच द्या.