स्वालबार्डचा उन्हाळा : शिकाऱ्याची बंदूक आणि वाटाड्याची बंदूक

उत्तर ध्रुवापासून सुमारे 1,300 किलोमीटर अलीकडे, नॉर्वेच्या अंमलाखालील स्वालबार्ड द्वीपसमूहात, जेथे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत म्हणून नाही, तेथे दर उन्हाळ्यात हजारो प्रवासी टुंड्रावरील प्राणिसृष्टी पाहावयास जातात. रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरून, वीतभरही उंच न होणारी ध्रुवीय विलोची झुडुपे तुडवली जाऊ नयेत म्हणून जपून पावले टाकीत, ते वाटाड्याच्या मागोमाग चालतात. आणि त्या वाटाड्याच्या खांद्याला बंदूक लटकत असते. अस्वल अंगावर आलेच तर ती वापरावयाची. पण अस्वल मारले गेले, तर त्याची रीतसर चौकशी होते. प्राण्याला धक्का न लावता त्याला नुसते पाहून परत जाणारा पाहुणा या मुलखाला पूर्वी ठाऊक नव्हता. तो येथे फार उशिरा आला, आणि त्याच्या आधी येऊन गेलेल्यांची हकीकत काही फारशी अभिमानास्पद नाही.

विलेम बारेंट्स या डच नावाड्याने 1596 च्या जूनमध्ये ही भूमी पाहिली. वाटेत एका बेटाजवळ त्याच्या खलाशांनी अस्वलाशी झुंज घेऊन ते ठार केले, आणि त्या बेटाला अस्वलाचेच नाव मिळाले; म्हणजे युरोपीय माणसाची येथील प्राण्यांशी पहिली ओळखच अशी रक्ताने झाली. पुढे थोड्याच वर्षांत येथील खाड्या बोहेड जातीच्या देवमाशांनी भरलेल्या आहेत ही वार्ता ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील सावकारांच्या कानी गेली, डच व्यापाऱ्यांनी 1614 मध्ये मक्तेदारीची सनद मिळवून कंपनी उभारली, आणि द्वीपसमूहाच्या वायव्य कोपऱ्यात स्मेरेनबर्ग नावाची उन्हाळी वसाहत वसली. देवमाशाच्या चरबीचे तुकडे तांब्याच्या अवाढव्य कढयांत कढवून तेल काढावयाचे, पिंपांत भरावयाचे आणि समुद्र गोठण्यापूर्वी मायदेशी न्यावयाचे, असा तेथील उद्योग होता. त्या भट्ट्यांभोवती उतू गेलेले तेल वाळूत आणि खड्यांत मुरून त्याचे दगडासारखे घट्ट कडे बनले. ते आजही जागच्या जागी आहे. शतक सरण्यापूर्वीच खाड्यांतील देवमासे संपत आले, शिकारी जहाजे खुल्या समुद्राकडे आणि बर्फाच्या कडेला वळली, आणि स्मेरेनबर्ग ओस पडले.

देवमासा संपला तेव्हा वॉलरसची पाळी आली. हा अजस्र प्राणी जमिनीवर अत्यंत मंद असून कळपाने किनाऱ्यावर पहुडतो. म्हणून आधी पाण्याच्या बाजूचे प्राणी भाल्यांनी मारावयाचे, की त्यांच्या धुडांची भिंत होऊन मागच्यांना समुद्राकडे जाण्यास वाटच उरू नये, अशी सोपी आणि निर्घृण रीत होती. सुळे हस्तिदंतासारखे विकले जात, चरबीचे तेल होई, आणि जाड कातड्याचे पट्टे कारखान्यांतील यंत्रांना लागत. रशियन पोमोर आणि त्यांच्यामागून आलेले नॉर्वेजियन यांनी हा व्यवहार इतक्या नेटाने चालविला की, विसाव्या शतकाच्या मध्याला येथे वॉलरस नाममात्र उरले. एज बेटावरील काप ली या ठिकाणी त्यांच्या हाडांचा खच अजून पडलेला आहे.

पोटासाठी मारणाऱ्यांपाठोपाठ हौसेखातर येणारे आले. पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेले आणि राष्ट्रीय सभेला मूठभरांची सभा म्हणून हिणविणारे लॉर्ड डफरिन 1856 साली ‘फोम’ नावाच्या आपल्या नौकेतून येथे येऊन गेले, आणि त्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन त्या काळी आवडीने वाचले गेले. जेम्स लॅमाँट या स्कॉटिश गृहस्थाने 1861 मध्ये वॉलरसच्या शिकारीवर ग्रंथच प्रसिद्ध केला. 1896 साली तर एका नॉर्वेजियन आगबोट कंपनीने हॅमरफेस्टहून नियमित उन्हाळी फेऱ्या सुरू करून ॲडव्हेंट उपसागराच्या काठी लाकडी हॉटेल बांधले. दुसऱ्या वर्षी तेथे टपालकचेरीही होती. पण धंदा काही जमला नाही आणि हॉटेल लौकरच मिटले. त्याच 1897 च्या उन्हाळ्यात राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत गेलेले लोकमान्य पुढे आर्क्टिकमधील प्रदीर्घ उषेचा वेदांत शोध घेणार होते. प्रत्यक्ष आर्क्टिकमध्ये मात्र तोवर प्रवाशांची तिकिटे विकली जात होती.

विसाव्या शतकात एकेकट्याने राहून हिवाळा काढणारी नॉर्वेजियन शिकाऱ्यांची पिढी झाली. त्यांचे एक साधन जवळून पाहण्यासारखे आहे. चार खुंट्यांवर ठेवलेली एक लाकडी पेटी. आत बंदूक घट्ट बसविलेली. नळीच्या तोंडासमोर चरबीचे आमिष, आणि आमिषापासून घोड्यापर्यंत ओढलेली दोरी. अस्वलाने डोके आत घालून चरबी ओढली की गोळी सुटे. शिकारी तेव्हा कोसभर दूर झोपडीत चहा पीत असेल, आणि मेलेल्या मादीची पिले बाहेर ताटकळत असतील. हेन्री रूडी या एका माणसाच्या नावावर सातशेहून अधिक अस्वले जमा आहेत. महायुद्धानंतर श्रीमंत परदेशी पाहुण्यांना जहाजावरूनच अस्वल मारू देण्याच्या सहली निघत. वाटाड्या तेव्हाही असे. त्याचे काम सावज दाखवून देण्याचे.

या सगळ्याला बांध पडला तो कागदावरच्या कायद्याने. 9 फेब्रुवारी 1920 रोजी पॅरिस येथे झालेल्या तहाने (त्यावर पारतंत्र्यातील हिंदुस्थानच्याही नावाने सही आहे) सार्वभौमत्व नॉर्वेला मिळाले. तह 1925 मध्ये अमलात आला, आणि हजाराच्या घरात उरलेल्या रेनडिअरना त्याच साली अभय मिळाले. वॉलरसला ते 1952 मध्ये मिळाले. 1973 च्या जूनमध्ये राष्ट्रीय उद्याने आणि पक्ष्यांची अभयारण्ये घोषित झाली, आणि नोव्हेंबरमध्ये ऑस्लो येथे पाच ध्रुवीय राष्ट्रांनी अस्वलाच्या रक्षणाचा करार केला. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी एकाच दस्तऐवजावर सह्या केल्या, हे मला त्या कराराचे सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. 1975 साली विमानतळ झाला आणि प्रवाशांची रीघ लागली. आज रेनडिअर वीस हजारांहून अधिक असून लाँगइयरब्येन या मुख्य गावाच्या रस्त्यांवर बिनदिक्कत चरतात, वॉलरस हजारांनी मोजले जातात, आणि 1 जानेवारी 2025 पासून प्रवाशांनी अस्वलापासून निदान 300 मीटर, तर मार्च ते जून या काळात 500 मीटर दूर राहावे असा हुकूम आहे. काही प्रवासी या अंतराबद्दल कुरकुरतात. त्यांनी त्या पेटीतली बंदूक आठवावी.

एक विसंगती मात्र नमूद करावयास हवी. 1946 पूर्वीच्या मानवी वावराच्या खुणांना येथे कायद्याचे संरक्षण आहे, तसेच काप लीचा हाडांचा खचही संरक्षित असून त्यातले एक हाड उचलणे गुन्हा ठरतो. जवळच जिवंत वॉलरस लोळत असतात, आणि प्रवाशाला दोन्ही एकाच फेरीत दाखविले जाते. बोहेड देवमाशाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याला 1931 च्या जिनिव्हा कराराने अभय दिले खरे, परंतु तोपर्यंत खाड्या रिकाम्या होऊन अडीचशे-तीनशे वर्षे उलटून गेली होती. या भागात उरलेले थोडके देवमासे दूर बर्फाळ समुद्रात राहतात, आणि ज्या खाड्यांत त्यांच्यासाठी भट्ट्या पेटल्या, तेथे उन्हाळी प्रवाशाला ते सहसा दिसत नाहीत.