तीस वर्षं पहारा, युद्ध मात्र एकही नाही: मुंबईची चिलखती युद्धनौका 'मॅग्डाला'

मुंबई बंदर म्हटलं की आज आयएनएस विक्रांत आठवते. पण मंडळी, दीडशे वर्षांपूर्वी याच बंदरात दोन लोखंडी राक्षस नांगर टाकून बसले होते. त्यांची नावं मॅग्डाला आणि ॲबिसिनिया.

ही नावं कुठून आली? १८६८ मध्ये सेनापती नेपियरच्या फौजेनं ॲबिसिनियाच्या (आजचा इथिओपिया) सम्राटाचा मॅग्डाला हा डोंगरी किल्ला जिंकला. ही मोहीम निघाली होती मुंबईहूनच. तोफा ओढायला हत्तीसुद्धा इथून जहाजात चढवून नेले होते! त्याच वर्षी लंडनच्या थेम्स आयर्नवर्क्समध्ये मुंबईच्या रक्षणासाठी एक जहाज बांधायला घेतलं, आणि किल्ल्याचं नाव जहाजाला मिळालं. १८७० मध्ये ते पाण्यात उतरलं.

मॅग्डालाची रचना भलतीच वेगळी होती. लांबी जेमतेम ६८ मीटर, वजन ३,३०० टनांच्या वर. शत्रूला नेम धरायला कमी जागा मिळावी म्हणून डेक जवळपास पाण्याला टेकलेला. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात अशीच 'मॉनिटर' जहाजं निघाली होती, पण त्यांच्यात एक खोट होती. लाट आली की डेकवरच्या झडपांमधून पाणी थेट आत! एडवर्ड रीड या ब्रिटिश रचनाकारानं त्यावर तोड काढली. डेकच्या मधोमध जाड चिलखती भिंतीचं एक उंच कडं उभारलं. धुराडं, आत उतरायच्या वाटा आणि तोफांचे दोन्ही फिरते बुरूज त्याच्या आड. पुढच्या बुरुजात दोन, मागच्यात दोन अशा १० इंची चार तोफा. जहाज न वळवता बुरूज फिरवून मारा करता यायचा. बाजूचं चिलखत मध्यभागी ८ इंच जाडीचं होतं.

शिडं मात्र नव्हतीच. त्यामुळे लंडनहून मुंबईला आणताना तात्पुरत्या तीन डोलकाठ्या बसवाव्या लागल्या. खोल समुद्र हे तिचं कामच नव्हतं.

नंतर तंत्रज्ञान सुसाट पळालं. १८७६ मध्ये इटलीनं 'दुइलिओ' पाण्यात उतरवली. तिची एकेक तोफच १०० टनांची! मॅग्डालाच्या तोंडाकडून भरायच्या तोफा बदलून मागून भरायच्या ८ इंची तोफा बसल्या, पण त्याला १८९२ उजाडलं. ज्या शत्रूसाठी हा सगळा खर्च झाला, तो मुंबईत कधी आलाच नाही. १९०३-०४ च्या सुमारास दोन्ही जहाजं भंगारात गेली.

तिची जुळी बहीण 'सर्बरस' मात्र ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रक्षणासाठी गेली होती. १९२६ मध्ये लाटा अडवायला बांध म्हणून तिला किनाऱ्याजवळ बुडवलं. गंजलेली, खचलेली सर्बरस हाफ मून बे इथं आजही पाण्याबाहेर डोकावते. मॅग्डाला कशी दिसायची हे पाहायचं, तर आता मेलबर्नच गाठावं लागतं.