दख्खनच्या बागा आणि आपला परस

'बाग' हा शब्द फारसी, 'परस' आपला मराठी. दोन्ही एकत्र येऊन 'परसबाग' कधी झाली ते कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. दख्खनच्या बागांचा इतिहास मात्र आपण कारंज्यांचा आणि महालांचा म्हणूनच वाचत आलो. अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) फराहबाग 1583 साली पुरा झाला. त्याचा महाल सगळ्यांना आठवतो, झाडांबद्दल कुणी विचारत नाही.

खरे तर त्याच निजामशाहीत झाडापाल्याची मोठी चर्चा चाले. बुऱ्हाण निजामशाहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यात आपला ग्रंथ छापला. इथल्या औषधी वनस्पतींवरचे ते संवाद आहेत. हळदीवरही त्यात प्रकरण आहे. सांगलीच्या पेठेतल्या माणसाला हे ऐकून बरे वाटेल. मुंबई बेटावर ओर्ताची स्वतःची बाग होती. अरबी ग्रंथ आणि इथले हकीम-वैद्य, दोघांकडूनही त्याने पुष्कळ घेतले.

तिकडे तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान दुसरा बायझीद याने 1488 मध्ये रुग्णालय उभारले. तिथे मनोरुग्णांना पाण्याचा खळखळाट, संगीत आणि फुलांचा सुगंध देत, असे सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहून गेला. हे ऐकून हसणारे आपल्यात पुष्कळ निघतील. पण 1984 मध्ये अमेरिकेत रॉजर उल्रिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण तपासले, तेव्हा खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते. फिनलंडमध्ये बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ अंथरली. 28 दिवसांत मुलांच्या अंगावरचे सूक्ष्मजीव वाढले, प्रतिकारशक्तीच्या खुणाही सुधारल्या; हा अभ्यास 2020 चा.

आता आपल्या आष्ट्याकडे पाहू. 1949 पूर्वी हे गाव सातारा जिल्ह्यात होते, मग दक्षिण साताऱ्यात आले, 1960 पासून जिल्ह्याचे नाव सांगली. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्याला उसाने पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाच पिकाने आणि अति पाण्याने कितीतरी जमीन क्षारपड केली. बांधावरची झाडे गेली, तशी परसातलीही गेली. शेवगा, कडुलिंब, लिंबू, मेंदी यांच्या जागी फरशी आली. अशा गावांत जुनी झाडे उरतात ती बहुधा दर्ग्याच्या आवारात आणि कब्रस्तानात. तिथे कबरीवर सब्जा लावायची आपली रीत. त्याच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. आणि वर्गणी गोळा करून आपण तिथेही काँक्रीट घालतो, वर त्याला 'सुधारणा' म्हणतो! माणूस, पाखरू वा जनावर ज्या झाडाचे खाईल ते लावणाऱ्याचा सदका ठरतो, ही हदीस आपल्या प्रवचनांत असते, कमिटीच्या बैठकीत नसते.

एक गोष्ट अजून आपल्या बायकांच्या हाती आहे. दारातल्या कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या दिसल्या की त्या झटकून टाकल्या जातात. त्या काळ्या-पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या असतात. चार पाने त्यांना खाऊ दिली, तरी आमटीला पुरतील इतकी झाडावर उरतात.