पेशव्यांनी दिलेली जागा

दिंद्रुडहून बीडमार्गे पुण्याला या. उतरल्यावर रिक्षावाल्याला ‘क्वार्टर गेट, सिटी चर्च’ एवढंच सांगा. फाटकातून आत शिरा आणि साल धरा 1792.

तुम्ही नाना पेठेत, शहराच्या पूर्व टोकाला उभे आहात. पुण्यात फौजांची वर्दळ आहे, कारण यंदाच जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून आले आहेत. पेशव्यांच्या गादीवर अठरा वर्षांचे सवाई माधवराव आहेत, कारभार नाना फडणवीसांकडे. तुमचं बीड मात्र निजामाच्या मुलखात. तीनच वर्षांनी पेशवे आणि निजाम यांच्या फौजा बीडच्या शिवेलगत, खर्ड्याला एकमेकींना भिडणार आहेत.

समोर मातीच्या भिंतींचं साधंसं चर्च आहे. आत गुडघे टेकलेले लोक पेशव्यांच्याच चाकरीतले, गोव्याकडचे कॅथलिक शिपाई. त्यांचा सरदार दोम मिगेल द नोरोन्हा. प्रार्थनेला जागा हवी म्हणून त्याने शब्द टाकला आणि पेशव्यांनी ही जमीन देऊन टाकली.

तुमच्या शेजारच्या शिपायाच्या बोटांवर बंदुकीच्या दारूचा काळा डाग आहे. त्याच बोटांनी तो जपमाळेचा एकेक मणी पुढे सरकवतोय. फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, म्हणताहेत. ती भाषा तुम्हाला कळत नाही, त्यालाही फारशी कळत नसावी. पण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे त्याला लहानपणापासून पाठ आहे. परमुलखात एवढंच त्याच्या घरचं आहे. ऊसतोडीसाठी कोयता घेऊन सहा-सहा महिने घराबाहेर काढणाऱ्या बीडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आता साठ वर्षं पुढे या. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, शेजारी इंग्रजांची छावणी वसली. एम्प्रेस गार्डनच्या बाजूला 1850 मध्ये आयरिश सैनिकांसाठी सेंट पॅट्रिक्स चर्च उभं राहिलं. 1886 मध्ये पुणे धर्मप्रांत झाल्यावर ते बिशपांचं कॅथेड्रल ठरलं. इथे नाना पेठेत मातीच्या चर्चच्या जागी 1852 मध्ये पक्की इमारत आली. राज्य बदललं, राजा बदलला, पण पेशव्यांनी दिलेली जागा ज्या कामासाठी दिली त्याच कामाला राहिली.

म्हणून पुण्यात आलात की शनिवारवाड्याबरोबर हे चर्चही बघा. पेशव्यांचा पराक्रम आपण खर्ड्याच्या विजयावरून मोजतो. आपल्या चाकरीतल्या माणसाच्या देवाला त्यांनी शहरात जागा दिली, हेही त्याच मापात धरायला हवं. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, फोटो काढण्याआधी विचारा. आणि मुलांना घेऊन जा. पुण्याचा हा इतिहास त्यांनी तिथे उभं राहून ऐकावा.