विजय मुहूर्ताला उरले साडेसात तास

सकाळी ६:५०. उरले साडेसात तास.

दसऱ्याच्या पूजेची वेळ २ वाजून २० मिनिटं, असं सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. त्या मुहूर्तावर बाबांची १९८२ सालची बुलेट चालू करून दाखवायची, हे मी चहा पिता पिता ठरवलं. गाडी आठ महिने ताडपत्रीखाली होती. नेहमीच्या मिस्त्रींना फोन करावा असं बायको म्हणाली. "सणाच्या दिवशी त्यांना कशाला त्रास?" असं मी म्हणालो. माणुसकीच्या नावाखाली मी किती नुकसान केलं आहे, याची एकदा यादी करायला हवी.

सकाळी ८:१५. उरले सहा तास.

पहिलं काम ऑइल बदलायचं. या जुन्या इंजिनात दोन लिटरच्या वर ऑइल मावतं. ड्रेनचा बोल्ट काढल्यावर ते धार धरून येतं आणि ती धार आपण धरलेल्या जागी पडत नाही. खाली ठेवायला मी स्वयंपाकघरातून परात आणली होती. परात पसरट असते, हे मला पन्नाशीत नव्याने कळलं. निम्मं ऑइल परातीत, निम्मं पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर.

भुसा मिळेना. खांबाला टेकून रांगोळीची पिशवी ठेवलेली दिसली, ती पांढरी पूड मी ऑइलवर पसरली. थोडं ऑइल शोषलं गेलं, बाकीचं त्या पुडीखाली गुपचूप राहिलं. थोड्या वेळाने तळमजल्याच्या काकू आल्या, इतकी छान पांढरी जमीन तयार आहे म्हणून खूश झाल्या आणि तिथेच रंग भरायला बसल्या. मी काहीच बोललो नाही.

सकाळी ९:४०. उरले पावणेपाच तास.

कार्बोरेटर. इथे जरा थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं.

कार्बोरेटरच्या आत बोटभर लांबीचा एक पोकळ दट्ट्या असतो, त्याला स्लाइड म्हणतात. अ‍ॅक्सिलरेटरची केबल त्याला वर ओढते, स्प्रिंग खाली दाबते. तो वर गेला की हवा जास्त, खाली आला की कमी. या दट्ट्याच्या बुडाशी एका बाजूला तिरपा काप असतो आणि तो काप एअर फिल्टरच्या दिशेला यायला हवा. उलटा बसवला तर मूठ सोडली तरी इंजिन शांत होत नाही, पहिल्या ठिणगीलाच बोंबलतं.

"बाबा, काढताना फोटो काढून ठेवा," मुलगी म्हणाली.

"माझ्या डोक्यात आहे सगळं."

डोक्यात दट्ट्या होता. काप नव्हता. पेट्रोलने पुसून, फुंकून तो परत घालताना जरा अडला, तेव्हा मी अंगठ्याने दाबला. टक् असा आवाज आला आणि बसला. एक वायसर उरला होता. तो मी खिशात घातला. मुलगी बघत होती.

सकाळी ११:३०.

गाडी धुतली. क्रोम चमकलं. वॉचमनने दोनदा "वा" म्हटलं. मिस्त्रींना अजूनही फोन करता आला असता, पण दोनदा "वा" ऐकल्यावर माणूस फोन करत नाही.

दुपारी १२:४५. उरला दीड तास.

गाडी एकदा चालू करून बघावी, असं मनात आलं होतं. पानात श्रीखंड-पुरी आली. श्रीखंडावर पुन्हा श्रीखंड आलं. मग थेट मुहूर्तावरच चालू करू, त्यात खरी मजा आहे, असा विचार सुचला. तो माझा नव्हता, श्रीखंडाचा होता.

दुपारी १:५५. उरली पंचवीस मिनिटं.

सगळे खाली जमले. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली लिंबू. बाजूला हारीने तीन स्कूटर, त्यांच्यापलीकडे चेअरमनांची नवी कोरी गाडी, बॉनेटवर नारळ. समोर काकूंची रांगोळी, तिच्यात मोर.

आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, वय ७४. बाबांच्या मागे बसून ती याच गाडीवरून जेजुरीला गेलेली. ती म्हणाली, "उजवा पाय सांभाळ रे."

"आत्या, मी लहान आहे का?"

तिचं म्हणणं असं होतं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. मूळ बनावट इंग्रजी. सत्तरच्या दशकात अमेरिकेने डाव्या पायाचा गिअर सक्तीचा केला, जपानी गाड्यांनी जगभर तोच नेला, बुलेट मात्र पुढे कित्येक वर्षं उजव्या पायावरच राहिली. मी रोज चालवतो ती शंभर सीसीची साधी मोटारसायकल. वीस वर्षं माझ्या उजव्या पायाला ब्रेक एवढं एकच काम माहीत आहे.

दुपारी २:१८. उरली दोन मिनिटं.

स्टँड काढला. चावी फिरवली. किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणला, डाव्या मुठीखालचा डिकम्प्रेसर ओढला, किक आणखी बोटभर खाली नेली, डिकम्प्रेसर सोडला. हे मी इतकं संथपणे केलं की दोन मुलांनी मोबाइल वर धरले.

पहिली किक. काही नाही.

दुसरी. एक शिंक.

दुपारी २:२०.

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, आणि डरकाळी फोडत चालू झाली. मूठ पूर्ण बंद, तरी आवाज चढतच चाललेला. चावी डोळ्यांसमोर होती. पण माणूस घाबरला की डोळ्यांना विचारत नाही, पायाला विचारतो. उजव्या पायाने त्याला येणारं एकमेव काम केलं, ब्रेक म्हणून दणकून खाली दाबलं. गाडी न्यूट्रलमधून थेट दुसऱ्या गिअरमध्ये गेली, तीही क्लचशिवाय.

लिंबू फुटलं. पूजा तेवढी शास्त्रोक्त झाली.

मग मोर. मोराच्या मानेपर्यंत आम्ही सरळ गेलो. तिथे पांढऱ्या पुडीखाली सकाळपासून दबा धरून बसलेलं ऑइल होतं. मागचं चाक डावीकडे गेलं, मी उजवीकडे गेलो, आणि बुलेट पहिल्या स्कूटरवर टेकली. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी नव्या गाडीच्या दारावर. बॉनेटवरचा नारळ गडगडत खाली आला आणि आपणहून फुटला.

इंजिन पडल्या पडल्या बोंबलतच होतं. बाकी सगळे खांबांच्या मागे. आत्या खुर्चीतून उठली, काठी टेकत आली, वाकली आणि डिकम्प्रेसर ओढला. फुस्स.

मला कुठे लागलं नव्हतं. विजारीच्या मागच्या बाजूला मोराचा पिसारा उमटला होता, हे मला मुलांच्या हसण्यावरून कळलं.

संध्याकाळी ७ वाजता आपट्याची पानं आणि चेकबुक घेऊन मी तिन्ही स्कूटरवाल्यांच्या आणि चेअरमनांच्या दारी जाऊन आलो. "सोनं घ्या," मी म्हणायचो आणि ते हात पुढे करायचे. एकाने आधी चेकबुकाकडे हात नेला.

घरी आलो तर बायको दारातच उभी.

"चकलीचं पीठ मळायची परात दिसत नाहीये कुठे."