मुरगावची बोट आणि आमची पायपेटी

देवळातली पायपेटी कुठून आली, असं आमच्या मालवणकडच्या वाडीत कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: "जर्मन बोटीवयली ती." सगळ्यांत सविस्तर सांगतात ते आबा. नव्वदीला टेकलेत, पण बोलायला लागले की आवाज अजून जत्रेत उभा असल्यासारखा. "मुरगावाक बोट जळली, खलाशी किनाऱ्याक लागले. त्येतल्या एकान पोटासाठी पेटी इकल्यान. ती बांद्यासून फिरत फिरत हय इली."

यातली बोट खरी आहे. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगीज गोवा तटस्थ होता. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबली. मागाहून आन्फोरा हे इटालियन जहाजही अडकून पडलं. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात, असा इंग्रजांचा संशय होता. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या पलटणीचे वयस्क स्वयंसेवक 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून आले आणि एरेनफेल्सवर चढले. खलाशांनी आपलीच जहाजं पेटवून बुडवली. वाचलेल्यांना पोर्तुगीजांनी कैदेत टाकलं. आबा तेव्हा लहान असतील. वेंगुर्ला-सावंतवाडीकडून येणाऱ्या माणसांच्या तोंडून ही आग मालवणपर्यंत पोचली नसती, तरच नवल.

ही पायपेटी जत्रेतल्या दशावतार नाटकात काय करते, हे पाहिल्याशिवाय तिच्या जन्माची एवढी चौकशी का, ते कळणार नाही. दशावताराला पूर्वी मृदंग आणि झांज पुरे असायची. पेटी मागाहून आली आणि मग तिच्याशिवाय उभं राहणं कठीण झालं. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच कैलास. संवाद लिहिलेले नसतात. कलावंत बोलता बोलता कधी पदात शिरेल ते त्यालाही आधी ठाऊक नसतं, पण पेटीवाल्याला ठाऊक असावं लागतं. पायांनी भाता चालतो म्हणून त्याचे दोन्ही हात मोकळे, आणि डोळे राजाच्या ओठांवर. संकासुराची बडबड, गणपतीची आरती, आख्यानातलं युद्ध, पहाटेचा विलाप हे सगळं तो एकाच आसनावरून सांभाळतो. सकाळी तोच माणूस पेटारे उचलायला हात लावतो. "रातचो राजा, सकाळी डोक्यार बोजा" असं आमच्याकडे म्हणतात. त्या बोज्यात पायपेटीचं वजन मोठं असायचं.

भाता फाटला तेव्हा मी पेटी कुडाळला एका कारागिराकडे नेली. त्याने वरची फळी काढली, धुळीवर फुंकर मारली आणि सूर बाहेर घेतले. पेटीतला सूर म्हणजे पितळी पट्टी आणि तिच्यातल्या फटीवर एका टोकाला जखडलेली पितळी जीभ. हवा फटीतून जाते, जीभ थरथरते, सूर उमटतो. जिभेचं मोकळं टोक किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. आमच्या सुरांवर अशा ओरखड्यांची दाटी होती. कुठे नाजूक, सरळ, हात बसलेल्या माणसाचे. कुठे घाईने कानसच मारलेली. कितीतरी हातांनी त्यांना आपापल्या गायकांच्या गळ्याशी जुळवलं होतं.

"जर्मन सूर," कारागीर म्हणाला. हे तर जाणकार कान ऐकूनही सांगतात. पण त्याने भिंग दिलं आणि पट्ट्यांवर ठोकलेली रोमन अक्षरं दाखवली. सी, डी, ई... आणि 'बी'च्या जागी 'एच'. इंग्रज ज्याला 'बी' म्हणतो त्या सुराला जर्मन 'एच' लिहितो. जर्मनाचा 'बी' म्हणजे 'एच'च्या खालचा कोमल सूर. फ्रेंच पट्टीवर ही अक्षरं असण्याचं कारणच नाही, तिथे 'दो-रे-मी' चालतं. हार्मोनियमचं पेटंट आलेक्सांद्र दबँ याने 1842 मध्ये पॅरिसला घेतलं खरं, पण पुढे सुरांच्या धंद्यात जर्मन कारखान्यांनी मोठं नाव मिळवलं आणि त्यांचा माल हिंदुस्थानातल्या पेटीवाल्यांकडे येत राहिला. सुरांच्या फळीच्या कडेला 'जर्मनी' असा पुसट ठसाही निघाला. परदेशी मालावर फसवं नाव चालू नये म्हणून 1889 मध्ये इथे मालावरच्या चिन्हांचा कायदा झाला. त्यानंतरच्या आयात मालावर असे ठसे सर्रास दिसतात.

मग आबांचं खरं? कारागिराने पेटीचं खोकं उलटं केलं. सागवान. युरोपातल्या पेट्या बहुधा ओक किंवा अक्रोडाच्या. ही पेटी आपल्याकडच्या सुताराने घडवली आणि तिच्या पोटात जर्मन सूर बसवले. मुंबईत असं काम करणारे पेटीवाले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, लढाईनंतर परत सुरू झाला, 1939 ला पुन्हा थांबला. स्वातंत्र्यानंतर पेटीवाल्यांची भिस्त गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांवर आली. आमच्या पेटीतही मधले तीन सूर पालिताण्याचे निघाले. त्यांचं पितळ नवं, आवाज थोडा कोरडा.

इथे मला आजी आठवली. ती वेगळंच सांगायची आणि तिचं कुणी ऐकत नसे, कारण तिच्या गोष्टीत लढाई नव्हती. "पेटी संपाच्या साली इली. गिरणी सा म्हयने बंद. पणजो तुझो आगबोटीतसून घेवन इलो. होडयेत ठेवताना भिजात म्हणान आपली घोंगडी तिका गुंडाळल्यान." तिने हे तिच्या सासूकडून ऐकलेलं. सहा महिन्यांचा संप म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा 1928 चा, एप्रिलअखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चाललेला. तेव्हा गिरणगावातल्या खोल्या रिकाम्या करून कोकणातले कामगार गावी परतले होते. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणजे पणजोबांनी मे महिन्यातल्या शेवटच्या काही बोटींपैकी एखादी गाठली असणार. मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. खडकांमुळे ती दूर समुद्रात उभी राही आणि माणसं, गाठोडी होडीतून किनाऱ्यावर येत. त्या होडीतली पेटी आणि भोवतीची घोंगडी मला दिसते.

पणजोबांना पेटी वाजवता येत नव्हती. ती त्यांची नव्हतीच. गाववाल्यांच्या खोलीतलं मंडळ होतं, भजनं करायचं, सणाला नाटकं करायचं. पेटी त्या मंडळाची. संप लांबला तर ती गहाण पडेल, ही भीती होती, असं आजी सांगायची. म्हणून ती गावी आली आणि देवळातच राहिली.

मला आजीची गोष्ट खरी वाटते. लाकूड तिच्या बाजूने आहे, सालही. 1943 मध्ये ही पेटी इथे पंधरा वर्षं वाजत होती. आबांच्या गोष्टीलाही मी खोटं म्हणणार नाही. पेटी बोटीतून आली, तिचे सूर जर्मन होते, मुरगावला जर्मन बोट जळली. तीन खऱ्या गोष्टी एका रात्रीत गुंफल्या गेल्या. मला खुपतं ते एवढंच की या गुंफणीत ज्यांनी पैसे दिले ते गळून पडले. साच्यावर उभं राहून मिळवलेल्या पगारातून, खानावळीचे आणि गावाला धाडायचे वजा जाता जे उरलं त्यातून, त्यांनी जर्मन सूर घेतले. स्वस्तातले घेता आले असते. देवासमोर वाजणार म्हणून त्यांनी चांगले घेतले, असं मी मानतो, आणि हे मानायला मला त्या सुरांहून मोठा पुरावा नको.

हे सगळं मी आबांना सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "खोलयेत कोण कोण होते, ता माका ठावक आसा." आणि बोटांवर मोजत घरं सांगायला लागले: वरच्या घाटीतलं, पिंपळाकडचं, व्हाळापलीकडचं, चव्हाट्यावरची दोन. मी लिहून घेतलं. व्हाळापलीकडच्या घराला कुलूप आहे. त्यांचा नातू नालासोपाऱ्याला असतो. पणजोबांच्या काळचं काही कागदपत्र, एखादा मंडळाचा फोटो त्याच्याकडे आहे का, ते विचारायला या आठवड्यात फोन करतो आहे. भाता तोवर शिवून येईल. कार्तिकातल्या जत्रेला पेटी हवी आहे.