बाळाच्या हृदयात जन्मतः दोष : ऑपरेशन कुठे अडते, पालकांनी काय करावे?

दर हजार बाळांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही दोष असतो. श्रीमंत देश असो की गरीब, हे प्रमाण फारसे बदलत नाही. फरक पडतो तो पुढे. श्रीमंत देशांत अशी बहुतेक मुले उपचार घेऊन मोठी होतात. आशिया-आफ्रिकेतल्या गरीब भागांत मात्र कितीतरी मुले ऑपरेशन टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत.

अडते कुठे?
या ऑपरेशनला एकटा सर्जन पुरत नाही. लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर, हार्ट-लंग मशीन चालवणारा तंत्रज्ञ, रात्रभर जागणाऱ्या आयसीयूच्या नर्स असा पूर्ण संच लागतो आणि तो मोठ्या शहरांतच सापडतो. परदेशी डॉक्टरांचे पथक येते, काही मुलांची ऑपरेशने करते आणि परत जाते. मागे रांग तशीच राहते. म्हणून कायमचे केंद्र हवे. सुदानमध्ये खार्तूमजवळ २००७ साली 'इमर्जन्सी' या इटालियन संस्थेने सलाम सेंटर सुरू केले, तिथे हृदयाची ऑपरेशने मोफत होऊ लागली. केरळ सरकारने २०१७ मध्ये 'हृद्यम' योजना आणली. त्यात मुलाची ऑनलाइन नोंद होते आणि आजार किती गंभीर, ते पाहून ऑपरेशनचा नंबर लागतो.

उशीर का नको?
"मोठा झाला की छिद्र आपोआप भरेल," असे घरातली मोठी माणसे सांगतात. काही लहान छिद्रे खरेच भरतात. पण कोणते भरेल हे टू-डी इको आणि डॉक्टरच सांगू शकतात. मोठे छिद्र तसेच राहिले तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षे दाब पडतो, त्या कडक होतात आणि मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. काही दोषांत तर पहिल्या काही आठवड्यांतच ऑपरेशन लागते.

लक्षणे
- दूध पिताना दम लागणे, कपाळावर घाम येणे
- वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे
- ओठ, जीभ, नखे निळसर दिसणे
- खेळता खेळता दमून उकिडवे बसणे

याला नजर लागली म्हणून दिवस घालवू नका. दुआ करा, पण दवाखानाही गाठा.

आपल्याकडची सोय
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करते. आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो, नेमकी त्याच दिवशी काही मुले गैरहजर असतात. त्या दिवशी मुलाला जरूर पाठवा. खासगी शाळेत असलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलांना पालकांनी स्वतः सरकारी रुग्णालयात न्यावे. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशन कार्ड, आधार आणि जन्मदाखला यांवरची नावे सारखी आहेत ना, हे आधीच पाहून ठेवा.

टाळता येण्यासारखे
गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाच्या हृदयात दोष येऊ शकतो. म्हणून गोवर-रुबेलाची लस मुलींना आणि मुलांनाही द्यावी. जवळच्या नात्यात लग्न झाल्यास हा धोका काहीसा वाढतो. अशा जोडप्यांनी गरोदरपणी साधारण पाचव्या महिन्यात होणाऱ्या सोनोग्राफीत बाळाचे हृदय नीट पाहायला डॉक्टरांना सांगावे. दोष आधी कळला, तर बाळंतपण कुठे करायचे हे वेळेवर ठरवता येते.